बाबांनी ट्रम्पेटला वायर लावली

बाबांनी ट्रम्पेटला वायर लावली तेव्हा त्यांची साठी कधीच उलटून गेली होती आणि पुढचे दोन दात नकली होते. या दोन गोष्टी आधीच सांगून टाकते, कारण नंतर ज्याने त्याने मला याच दोन गोष्टी ऐकवल्या. "या वयात?" आणि "दात पडल्यावर?" जसं काही माणसाने नवं करायचं वय आणि दातांची संख्या कुठल्या तरी कार्यालयातून मंजूर होऊन येते. मला राग येतो. हे लिहितानाही येतो आहे. तो बाजूला ठेवून लिहिलं तर जे उरेल ते माझ्या बापाबद्दलचं नसेल, सत्कारातल्या मानपत्रासारखं असेल. आणि त्या सत्काराबद्दल तर मला पुढे सांगायचंच आहे.

आमचं गाव आसेगाव, मंगरूळपीर तालुक्यातलं. बाबा तिथल्या बँड पार्टीचे मास्तर. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, हातात ट्रम्पेट. तरुणपणी ते अकोल्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते, तिथे एका म्हाताऱ्या बँड मास्तरांच्या मागे लागून वाजवायला शिकले. गावी परत येऊन त्यांनी आमच्याच वस्तीतले गडी जमवले आणि पार्टी उभी केली. पार्टीत सगळे बौद्ध, एक चाचा सोडून. चाचा मंगरूळपीरचे, शिंपीकाम करायचे, क्लॅरिनेट वाजवायचे. पार्टीचे सगळे कोट त्यांच्या मशीनवर शिवलेले. बाबांचा ट्रम्पेट गाणं उचलायचा आणि चाचांची क्लॅरिनेट ते सांभाळायची. दोघं एकमेकांकडे न बघता वाजवायचे, आणि वाजवून झालं की तासन्‌तास भांडायचे.

लहान असताना मी एकदा त्यांच्याबरोबर एका मोठ्या घरच्या लग्नाला गेले होते. वरात दारात पोचली, पाहुण्यांच्या गळ्यात हार पडले, आणि मांडवाच्या तोंडाशी उभा असलेला एक माणूस हाताने माशा वारल्यासारखं करत म्हणाला, "बँडवाले तिकडे." तिकडे म्हणजे जनरेटरच्या मागे. बाबांनी वाजवलेलं गाणं मांडवात गेलं, नवरीच्या मावशा त्यावर नाचल्या, आणि बाबा धुरात उकिडवे बसून जेवले. डोक्यावरची टोपीसुद्धा त्यांनी काढली नाही. संध्याकाळी पाठवणीच्या वेळी त्यांनी ट्रम्पेट तोंडाला लावलाच नाही. ओठ फाटला म्हणाले. ओठ फाटला नव्हता. मी शेजारीच उभी होते, मला दिसत होतं.

घरी येताना मी विचारलं, "बाबा, तुमी काहून नाई वाजवलं?"

"रडाचं गानं त्याईनं त्याईच्या तोंडानं रडावं," ते म्हणाले.

असे ते होते. चारचौघांत गप्प, आणि आतून निखारा. लोक त्यांना शांत स्वभावाचे समजायचे. लोकांना काय, कोट लाल आणि मान खाली असली की त्यांना माणूस शांतच वाटतो.

मग डीजे आले. एका गाडीवर स्पीकरची भिंत, एक माणूस, एक लॅपटॉप. पंधरा माणसांच्या बँडला कोण विचारणार? एकेक करून पार्टीतले गडी गळाले. कोणी पुण्याला बांधकामावर गेलं, कोणी गावातच ऑटो घेतला. चाचा दुकानात बसून शाळेचे गणवेश शिवू लागले. कोट पेटीत गेले. बाबा दुसऱ्यांच्या शेतात सोयाबीन कापायला, सोंगणीला जायचे आणि दुपारी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून हाताच्या बोटांनी हवेत चाव्या दाबायचे. हे मला मायने सांगितलं होतं. माय गेल्यावर ते बघायलाही कोणी उरलं नाही.

मी तोवर वाशिमला सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन म्हणून लागले होते. बाबांचे पुढचे दोन दात हलायला लागले तेव्हा मी त्यांना माझ्याकडे घेऊन आले. दातांच्या डॉक्टरने दोन्ही काढले आणि नकली बसवले. ट्रम्पेट वाजवणाऱ्याचे पुढचे दात म्हणजे काय, हे त्या डॉक्टरला सांगायचं मला सुचलं नाही, आणि सांगून तरी काय झालं असतं? दात हलत होते ते होतेच. घरी आल्यावर बाबांनी ट्रम्पेट काढला, ओठ आवळले, फुंकला. वरचा सूर फाटला. पुन्हा फुंकला, पुन्हा फाटला. खालचे सूर येत होते, पण बारीक, खोकल्यासारखे. ज्या माणसाचा आवाज अर्ध्या गावात पोचायचा त्याचा आवाज माझ्या स्वयंपाकघरापर्यंत कसाबसा पोचत होता. त्यांनी ट्रम्पेट पिशवीत घातला आणि पिशवीची गाठ इतकी घट्ट मारली की नंतर ती कापावी लागली.

माझ्या घराच्या मागे धान्याचं एक जुनं गोदाम आहे. तिथे त्या वर्षी एका धुमाल पार्टीने सरावासाठी जागा घेतली. धुमाल नागपूरकडून आमच्याकडे आली. डीजेसारखीच गाडी आणि तसेच स्पीकर, पण इथे माणसं खरोखर वाजवतात. एक कीबोर्ड आणि दोन-तीन इलेक्ट्रॉनिक पॅड. पॅड म्हणजे काड्यांनी बडवायच्या रबरी चौकटी; मशीनमध्ये भराल तो आवाज त्यातून निघतो, ढोलाचा, टाळीचा, काच फुटल्याचासुद्धा. रोज दुपारी तीन वाजले की माझ्या भिंती थरथरायच्या.

पहिले काही दिवस बाबा शिव्या द्यायचे. "हे वाजवनं नोहे, हे गिट्टी फोडनं हाय." मग शिव्या बंद झाल्या. मग एक दिवस मी ड्यूटीवरून आले तर दाराला कुलूप. शोधत गोदामात गेले, तर बाबा एका रिकाम्या पोत्यावर डोळे मिटून बसलेले.

"इथं काय करून राह्यले बाबा?"

"आयक," ते म्हणाले. "तो बेस आयक, खालचा घुमनारा सूर. एकाच जागी बसून हाय. पुढं जात नाई, मागं येत नाई. तरी गानं चालून राह्यलं."

"मग?"

"मंग काय? जनमभर मी गानं पुढं ढकलत आलो. रस्त्यानं जराकसा थांबलो का लोक म्हनत, बँडवाला दमला. श्वास घ्याची चोरी होती. अन् इथं पाय, इथं मोकळी जागाच जागा हाय."

ते हे इतक्या रागाने म्हणाले की मला वाटलं कोणी तरी त्यांची फसवणूक केली आहे. एका अर्थी केलीच होती. सगळं आयुष्य त्यांनी एका दमात फुंकत काढलं होतं, आणि आता कुठे त्यांना कळत होतं की गाणं थांबूनही वाजवता येतं.

पार्टीतल्या पॅडवाल्याचं बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. दोन लेकरांचा बाप, बोलायला फटकळ. त्याने बाबांना विचारलं, "मास्तर, रोज येता, आयकता, मुंडी हालवता. बाजा घिऊन या ना."

"बाजा ऱ्हायला, आवाज गेला," बाबा म्हणाले.

"आवाज आमच्याकडं लय हाय."

त्याने ट्रम्पेटच्या तोंडाशी चिमट्याने एक छोटा माइक अडकवला. माइकची वायर एका डबीत, डबीची मिक्सरमध्ये. ती डबी गिटारवाले पायाने दाबतात तसली होती. आवाज तिच्यात गेला की थोडा उशिरा परत यायचा, पुन्हा परत यायचा, आणि दर खेपेला जरा वेगळा होऊन. बाबांनी एक सूर फुंकला. खालचा, साधा, बारीक. आणि ते थांबले. सूर थांबला नाही. तो गोदामाच्या पत्र्यांना लागून परत आला, वाकला, खोल गेला. पॅडवाल्याने त्याखाली ठेका धरला. बाबा वाट बघत राहिले. किती तरी वेळ त्यांनी काहीच वाजवलं नाही, आणि मग नेमक्या जागी दोनच सूर टाकले, चाकूने दोन रेघा ओढाव्यात तसे.

मला ते लगेच आवडलं असं सांगणार नाही. माझ्या ओळखीचा आवाज नव्हता तो. त्यात लग्न नव्हतं, वरात नव्हती. तो आवाज भांडत होता. जनरेटरच्या मागे बसून जेवलेल्या माणसाचा आवाज होता तो, आणि पहिल्यांदाच मोठ्याने निघाला होता.

त्यानंतर बाबा त्या पार्टीचेच झाले. रोज दुपारी गोदामात. डबीची बटणं कुठली काय करतात हे त्यांनी पॅडवाल्याला विचारून विचारून त्याचं डोकं खाल्लं. एका बटणाने ट्रम्पेट रडका व्हायचा, एकाने घोगरा. त्यांनी ठेक्यावर वाजवायच्या आपल्या चाली बांधल्या, चार-पाच सुरांच्या, लहान लहान. जेवताना ताटावर बोटं वाजवायचे. मी म्हणायचे, "बाबा, भाकर खा." ते म्हणायचे, "थांब, बेस येऊन राह्यला."

चाचा एकदा कापड घ्यायला वाशिमला आले आणि घरी डोकावले. बाबा गोदामात आहेत म्हटल्यावर मी त्यांना तिकडे घेऊन गेले. चाचांनी दारातच उभं राहून सगळं ऐकलं. वाजवणं थांबल्यावर बाबांनी त्यांना पाहिलं आणि हसले. चाचा हसले नाहीत.

"मास्तर, ये क्या लगा रख्या तुने?"

"आयकलं ना? आयकलं ते हाय."

"मी ट्रम्पेट आयकाले आलो. हे तं गाडी बिघडल्यावानी आवाज येऊन राह्यला. तुझा सूर कुठं गेला? तो वरचा, जो तू मंगरूळच्या चौकात लावत होता?"

"दातासंगं गेला."

"मग बंद कर! सूर गेला तं इज्जतीनं पेटी बंद कर. मी केली ना बंद? मी काय क्लॅरिनेटले बल्ब लावला?"

बाबांचा चेहरा काळा ठिक्कर पडला. "तू गनवेश शिव," ते म्हणाले. "तुले वर्सभर एकच माप लागते. मले नाई लागत."

चाचा कापडाचं गाठोडं तिथेच विसरून निघून गेले. मी ते घेऊन मागे धावले. त्यांनी गाठोडं घेतलं आणि मला म्हणाले, "बेटी, तुझ्या बापाले सांग, लोक हसतीन त्याच्यावर." त्यांचे डोळे भरले होते. मला त्यांचाही राग आला. प्रेमाने दिलेला असला तरी तो शाप होता.

आणि लोक हसलेच. केनवडला एका लग्नात पार्टीची सुपारी होती, बाबा पहिल्यांदा गाडीवर चढले. मी रजा टाकून गेले होते. गाडीवर पॅडवाला, कीबोर्डवाला आणि मधे माझे बाबा, अंगात साधा पांढरा शर्ट, ट्रम्पेटमधून निघालेली वायर कमरेला गुंडाळलेली. ट्रम्पेटचं तोंड खाली, रस्त्याकडे. पोरं थोडा वेळ गोंधळली, मग नाचायला लागली. छान नाचत होती. तेवढ्यात नवरदेवाचा कोणी तरी काका गाडीशी आला आणि ओरडला, "ह्या बुढ्याले कायले चढवलं? मेला-बिला तं कोन निस्तरंल? उतरवा त्याले!"

पॅडवाल्याने ऐकू न आल्यासारखं केलं. काका गाडीवर चढायला लागला. बाबांनी ट्रम्पेट त्याच्या दिशेने वळवला आणि एक असा घोगरा, लांब सूर सोडला की तो माणूस पायरीवरून खाली उतरला. पोरांना वाटलं गाण्याचाच भाग आहे. त्यांनी शिट्ट्या मारल्या.

त्या दिवसाचं कोणी तरी मोबाइलवर शूटिंग केलं. चार दिवसांत ते सगळ्या जिल्ह्यात फिरलं. खाली लिहिलेलं, "आजोबांचं चार्जिंग सुरू आहे." वायरवरून. हसणाऱ्या तोंडांची रांग. दवाखान्यातल्या एका कारकुनाने ते मला दाखवलं, त्यातला म्हातारा माझा बाप आहे हे माहीत असून. "मॅडम, तुमचे फादर तं फेमस झाले."

मी त्याच्या हातातून मोबाइल घेतला, आवाज वाढवला आणि तो त्याच्या कानाशी धरला. "पूर्ण ऐका," म्हटलं. "हसायचं असेल तर ऐकून हसा." तो म्हणाला, मॅडम गंमत होती. मी म्हटलं, माझी नव्हती. रक्ताचे नमुने द्यायला रांगेत उभी असलेली माणसं बघत होती. बघू देत. मोबाइल मी खाली घेतला नाही.

घरी येऊन बाबांना सांगितलं तर त्यांनी विचारलं, "आवाज साफ आला का त्याच्यात? बेस आला का?"

"बाबा, लोक हसून राह्यले."

"ते मी आयकलं. बेस आला का, ते सांग."

पुढच्या हिवाळ्यात सत्काराचं निमंत्रण आलं. शहरातल्या एका सांस्कृतिक मंडळाला लोप पावत चाललेल्या कलांची अचानक काळजी वाटायला लागली होती. दोन सभ्य माणसं घरी आली. चहा प्यायली. म्हणाली, मास्तर, तुमच्यासारखे कलावंत आता राहिले नाहीत, बँड ही आपली परंपरा आहे, तुमच्या जुन्या पार्टीतले जे कोणी असतील त्यांनाही बोलवतो. लाल कोट घालून यायचं. पाच-दहा मिनिटं वाजवायचं.

लहानपणी मांडवाच्या दारात पाहिलेला माणूस यांच्यात नव्हता. पण तोच हात होता. तेव्हा तो "तिकडे" म्हणाला होता, आता "इकडे या" म्हणत होता, आणि दोन्ही वेळा बाबांनी कुठे बसायचं हे तोच ठरवत होता. कला लोप पावत होती तेव्हा हे लोक कुठे होते? त्यांच्याच पोरांच्या लग्नात डीजे लावत होते.

बाबा म्हणाले, "वाजवतो. पन आता मी जे वाजवतो ते वाजवीन."

"हो हो, तुमच्या मर्जीनं," ते म्हणाले. त्यांनी ऐकलंच नव्हतं.

सत्काराच्या दिवशी हॉल भरला होता. पहिल्या रांगेत अधिकारी, डॉक्टर, वकील. माझ्या दवाखान्याचे साहेबही होते. मागे जुन्या पार्टीतले चौघं, आपापले कोट घालून, आणि त्यांच्यात चाचा. त्यांचा कोट इस्त्री केलेला. बाबा पांढऱ्या शर्टात. त्यांच्यासोबत पॅडवाला आणि एक लहान स्पीकर. शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. मग पॅडवाल्याने वायरी जोडल्या. एक आयोजक लगबगीने आला.

"मास्तर, हे वायर-बियर नको. लोकांना अस्सल ऐकायचं आहे."

"हे अस्सलच हाय," बाबा म्हणाले. "मीच वाजवून राह्यलो."

आणि त्यांनी सुरुवात केली. हळू. केनवडला होता त्याच्या निम्म्यानेही आवाज नव्हता. बेस एका जागी बसला, बाबांनी एक सूर टाकला आणि थांबले. हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. कोणी तरी हसलं. बाबा थांबलेलेच. दुसरा सूर. मागच्या बाजूला काही माणसं पुढे वाकून ऐकू लागली होती. मी भिंतीशी उभी होते, मला दिसत होती. तेवढ्यात तो आयोजक स्टेजच्या कडेने गेला आणि त्याने प्लग काढला.

पॅड मेला. स्पीकर मेला. बाबांचा सूर मधेच उघडा पडला, बारीक आणि फाटका, दोन नकली दातांमधून निघालेला. त्यांनी ट्रम्पेट खाली घेतला.

आयोजक माइकवर म्हणाला, "तांत्रिक अडचणीमुळे आता मास्तर त्यांच्या पारंपरिक ढंगात आपल्याला एक जुनं गीत ऐकवतील." टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतून कोणी तरी म्हणालं, "वाजवा मास्तर, बाजा तर हातातच आहे!"

बाबा त्या माइककडे गेले.

"अर्धा बाजा तुमी काढून घेतला," ते म्हणाले. "उरलेला मी घरी घिऊन जातो."

त्यांनी ट्रम्पेट पिशवीत ठेवला. शाल खुर्चीवर ठेवली, नारळ शालीवर ठेवला, आणि पायऱ्या उतरले. पॅडवाला वायरी गोळा करत शिव्या घालत होता, हळू आवाजात पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा.

मी स्टेजवर गेले. मला काय बोलायचं हे ठरलेलं नव्हतं. मी आयोजकाला म्हटलं, "तो प्लग लावा."

"मॅडम, कार्यक्रम खराब करू नका."

"कार्यक्रम तुम्ही खराब केला. माणूस वाजवत असताना त्याच्या तोंडातून सूर ओढून घेता, आणि वरून तांत्रिक अडचण म्हणता? तुम्हाला माझा बाप नको आहे. तुम्हाला त्याचा कोट पाहिजे. कोट त्या चाचांनी शिवलाय, त्यांनाच मागा आणि काचेच्या कपाटात टांगा."

माझे साहेब पहिल्या रांगेतून माझ्याकडे बघत होते. मला माहीत होतं की हे मला भोवणार आहे. पुढच्या आठवड्यात भोवलंही; केबिनमध्ये बोलावून त्यांनी शासकीय कर्मचाऱ्याने सार्वजनिक ठिकाणी कसं वागावं यावर मला शिकवलं. मी म्हटलं, मी रजेवर होते. ते म्हणाले, वागणं रजेवर नसतं. वाक्य चांगलं होतं. त्या आयोजकाला का ऐकवलं नाहीत, असं मी विचारलं, तेव्हा ते फाइल बघू लागले.

हॉलच्या बाहेर बाबा कट्ट्यावर बसले होते. चाचा आतून आले. त्यांनी आपला कोट काढून हातावर टाकला होता. बाबांच्या समोर उभे राहिले.

"आयक मास्तर. तुझं हे वाजवनं मला पसंद नाही. मरेपर्यंत पसंद येनार नाही."

"माहीत हाय मले."

"पन वाजवनाऱ्याचा प्लग काढते? त्याची ये मजाल?" आणि चाचांनी आयोजकाच्या सात पिढ्यांना उर्दूत अशी काही सुनावली की मला अर्धं कळलं आणि उरलेलं कळू नये म्हणून मी दुसरीकडे बघितलं. मग ते बाबांच्या शेजारी बसले. थोड्या वेळाने चाचा म्हणाले, "तो मधे रुकला होता तू, पहिल्या सुरानंतर. तेवढं बरं होतं." बाबा म्हणाले, "तेवढं तं मी वाजवलंच नोतं." आणि पुन्हा त्यांचं भांडण सुरू झालं.

यापुढे बाबांचं सगळं सुरळीत झालं असं नाही. वर्षभरात त्यांचं पार्टीशीही बिनसलं. भांडण आवाजाचं. बाजारात टिकायचं तर बाकी गाड्यांपेक्षा मोठा आवाज पाहिजे, असं पार्टीच्या मालकाचं म्हणणं. बाबा म्हणायचे, एवढ्या आवाजात मोकळी जागा कोणाले आयकू येनार? एका वरातीत त्यांनी स्वतःच मिक्सरवरचं बटण खाली ओढलं. मालकाने वर केलं. बाबांनी पुन्हा खाली केलं. नवरदेवाची घोडी सोडून सगळे त्या दोघांचं भांडण बघत होते. त्या दिवशी बाबा गाडीवरून उतरले ते पुन्हा चढले नाहीत. दवाखान्यात कानाचे पेशंट रोज बघते मी, त्यामुळे मला बरंच वाटलं. पण मालक त्यांना "खडूस म्हातारा" म्हणाला, तेव्हा माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसाला आवाज मोठा करायला मशीन मिळालं आणि जो आवाज कमी करायला भांडला, त्याला खडूस म्हणायचं?

पॅडवाला मात्र बाबांबरोबर राहिला. दुकान बंद करून आठवड्यातून दोनदा घरी यायचा. दोघं माझ्या पुढच्या खोलीत लहान स्पीकरवर वाजवायचे.

या वर्षी बाबांनी ठरवलं की जयंतीला आसेगावला वाजवायचं. आणि इथे मला आमच्याच माणसांशी भांडावं लागलं. विहारात बैठक झाली. एक निवृत्त गुरुजी उठून म्हणाले, "आपल्याले वाचनारा समाज पाह्यजे. हे धांगडधिंगे कायले?" दुसऱ्याने तो "चार्जिंग"वाला व्हिडिओ काढला, पुन्हा हशा झाला. मी उठणार तोच बाबांनी माझा हात दाबला आणि स्वतः उभे राहिले.

"गुरुजी, मी वाचलो नाई जास्त," ते म्हणाले. "पन लोकायच्या दारात उभं राहून त्याईच्या खुशीचं मी लय वाजवलं. आता माह्या मनातलं वाजवतो. मले ट्रक नको, भिंतीएवढे स्पीकर नको. विहाराचं आंगन द्या, दुपारची वेळ द्या. नसंल आयकाचं तं घरी बसा."

बराच वेळ वाद झाला. शेवटी अंगण मिळालं, मिरवणुकीच्या आधीची दुपार मिळाली. गुरुजी म्हणाले, "माझा विरोध नोंदवून घ्या." नोंदवला.

चाचांना निरोप धाडला होता. उलट निरोप आला: कान माझे आहेत, मला काळजी घ्यायची आहे.

अंगणात निळे झेंडे, लिंबाची सावली, भाड्याच्या प्लास्टिकच्या खुर्च्या. पन्नासेक माणसं आली असतील. बायका आल्या, म्हातारी माणसं आली, मिरवणुकीसाठी नवे कपडे घातलेली पोरं आली. गुरुजीही आले, हात बांधून शेवटच्या रांगेत बसले. पॅडवाल्याने पॅड मांडले, बाबांनी वायर जोडली, डबी पायाशी ठेवली, आणि लोकांकडे न बघता सुरू केलं.

सांगायचं तर त्या दुपारी काही चमत्कार झाला नाही. काही जणांना कळलं नाही. काही जण मोबाइल बघत होते. पण पुढच्या रांगेत बसलेली बाबांच्या पार्टीतल्या ढोलवाल्याची विधवा मान हलवत होती, ठेक्यावर नाही, मधल्या मोकळ्या जागांवर. आणि पोरं, जी रात्री ट्रकमागे नाचणार होती, ती खाली मातीत बसून ऐकत होती.

पहिली चाल संपल्यावर एक ओळखीचे काका ओरडले, "मास्तर, हे झालं तुमचं. आता ते जुनं पिक्चरचं होऊ द्या! लग्नातलं!"

बाबा त्यांच्याकडे वळले. "मी काय टेप हाओ का?" म्हणाले. "कॅशेट घातली का वाजनार?"

काका चिडले. उठले, आपली खुर्ची उचलून चालायला लागले. त्यांच्यामागे आणखी दोघं उठले. मी दातओठ खात बघत होते.

"जाऊ दे त्याले," बाबा मला म्हणाले. "पन खुर्ची ठिवून जाय म्हना. कोनी दुसरा बसंल."

आणि त्यांनी पॅडवाल्याला मानेनं खूण केली.